बाबांच्या गोळ्यांचा डबा आणि फॅमिली डॉक्टर शोधायचा खटाटोप

मार्च २०२३ मध्ये आमच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या शटरवर कागद चिकटवला, ३१ तारखेपासून दवाखाना कायमचा बंद, पेशंटनी आपापले केसपेपर घेऊन जावेत. डोंबिवली पूर्वेला एकाच गाळ्यात ३८ वर्षं बसलेला माणूस, माझ्या गोवरापासून माझ्या मुलीच्या तापापर्यंत सगळं त्यांनी बघितलेलं, आणि तरी पुण्यात फोनवर बाबांच्या तोंडून हे ऐकलं तेव्हा खरं सांगते, मला फार काही वाटलं नाही. डोंबिवलीत डॉक्टरांना काय तोटा, दर दोन बिल्डिंगा सोडून एक पाटी, हा नाही तर तो. हे किती चुकीचं होतं ते कळायला दीड वर्ष गेलं आणि बाबांना एकदा पडावं लागलं.

बाबा आता ८२, आई ७७. बिल्डिंग १९८१ ची, घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, खालपासून दारापर्यंत ४४ पायऱ्या, त्यातली पहिली फुटलेली. बाबा अंबरनाथच्या एका कंपनीतून रिटायर झाले, पेन्शन इतकी की कुणी विचारलं तर ते विषय बदलतात. दादा नाशिकला, मी हडपसरला. म्हणजे हाकेच्या अंतरावर कुणीच नाही, आणि तरी इतकी वर्षं चाललं होतं ते त्या गाळ्यातल्या माणसामुळे, हे आम्हा दोघा भावंडांच्या कधी डोक्यातच आलं नाही.

त्यांचं काम कसं चालायचं ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. बाकड्यावर आठदहा जण, कंपाउंडर मामा पुड्या बांधतायत, आत डॉक्टर. पण बाबा दारातली पायरी कशी चढतात हे त्यांचं खुर्चीतूनच बघून झालेलं असायचं. रात्री नऊला शटर ओढून ते आमच्याच गल्लीतून चालत घरी जायचे आणि बाबा गॅलरीत दिसले नाहीत तर खालून हाक मारायचे. आई "तसं काही नाही हो" म्हणाली की काहीतरी आहे, आणि बाबा "गोळ्या चालू आहेत" म्हणाले की त्यातली एक बंद केलेली आहे, हे त्यांना पक्कं माहीत. हे कुठल्या केसपेपरात लिहिलेलं नव्हतं.

आणि ते केसपेपरसुद्धा आम्ही आणले नाहीत. बाबा रुसले होते. "तो बंद करून चालला आणि मी जाऊन कागद मागू?" असं म्हणून गेलेच नाहीत शेवटपर्यंत. मीही म्हटलं जाऊदे, जुनी पिवळी कार्डं, काय करायचीत.

नवीन डॉक्टर शोधायला बाबा स्वतःच निघाले. सगळ्यात जवळचा दवाखाना पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद आणि कठडा एकाच बाजूला, तोही उतरताना डाव्या हाताला, आणि बाबांचा डावा खांदा वर जात नाही. दुसरीकडे अपॉइंटमेंट फक्त ॲपवर. बाबांचा फोन बटणांचा. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली घरातल्या कुणाला सांगा ना आजोबा, तर घरातली कुणी म्हणजे मी, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून डोंबिवलीतली अपॉइंटमेंट घेणार, ओटीपी माझ्या फोनवर येणार, मग मी बाबांना फोन करून सांगणार सव्वासहा, आणि बाबा ऐकणार सव्वादहा. हा विनोद नाही, खरंच सकाळी सव्वादहाला जाऊन बसले होते.

तिसरीकडे सकाळी आठला टोकन. बाबा पावणेआठला गेले, नंबर अकरावा. हॉलमध्ये टीव्ही चालू, बाहेर रिक्षांचे हॉर्न, आतून मुलगी नाव पुकारते, बाबांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. नाव येऊन गेलं, पुढचे पेशंट आत गेले. अडीच तास बसल्यावर बाबा विचारायला उठले तर "तुम्हाला हाक मारली होती की, आता शेवटी बसा." आता आमचे बाबा म्हणजे पेपर कात्रणं काढून ठेवणारे. त्यांनी त्या मुलीला २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा सांगितला, कलम २०, इस्पितळात वेगळी रांग पाहिजे वगैरे. ती म्हणाली काका ते सरकारी हॉस्पिटलमध्ये असेल, इथे टोकन आहे. बाबा घरी आले आणि आईला म्हणाले, "आता मला काही होत नाही." आई ते मला फोनवर हसत सांगत होती, मीही हसले. आता वाटतं तेव्हाच सिंहगड पकडून कल्याण गाठायला हवं होतं.

त्यानंतर फॅमिली डॉक्टर हा प्रकारच बंद झाला. काही झालं की थेट स्पेशालिस्ट. तिथे एक बरं, रिसेप्शनला लोक जास्त, लिफ्ट असते, व्हीलचेअर असते, पैसे जास्त पण जाता तरी येतं! हे मला फार उलटं वाटतं पण आहे हे असंच आहे, छातीच्या डॉक्टरकडे पोचणं सोपं आणि सर्दीखोकल्याच्या डॉक्टरकडे पोचणं अवघड. बीपीसाठी हार्टवाले, लघवीसाठी प्रोस्टेटवाले, आईच्या गुडघ्यांसाठी हाडवाले. प्रत्येकजण आपापल्या जागी चांगला, ते मी नाकारत नाही. पण प्रत्येकाची फाइल वेगळी आणि बाबांच्या आत जाणाऱ्या सगळ्या गोळ्या एकत्र बघणारा कुणीच नाही.

ऑगस्ट २०२४, पहाटे तीन. बाबा लघवीला उठले आणि बाथरूमच्या दारात पडले. डोक्याला लागलं नाही हे नशीब, पण बोलणं असंबद्ध, आईला म्हणाले "कंपनीची बस गेली का?" आईने १०८ ला फोन केला, गाडी वेळेत आली, पण आमच्या जिन्यावरच्या वळणावर स्ट्रेचर वळेना. शेवटी खालच्या काकूंकडची पांढरी प्लास्टिकची खुर्ची आणली, त्यात बाबांना बसवलं, ओढणीने बांधलं आणि दूधवाला आणि तळमजल्यावरची दोन मुलं असं तिघांनी मिळून ४४ पायऱ्या उतरवलं. मी सकाळी दहाला पोचले तेव्हा ती खुर्ची जिन्याखाली तशीच होती, ओढणीसकट.

रक्तातलं सोडियम १२४. नॉर्मल १३५ च्या पुढे असतं. तीन दिवस ॲडमिट, हळूहळू चढवलं, चौथ्या दिवशी घरी. बिल आम्ही भावंडांनी वाटून भरलं. ७० च्या वरच्या सगळ्यांना पाच लाखांचं आयुष्मान वय वंदना कार्ड ही योजना त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला सुरू झाली, म्हणजे आमचं बिल भरून झाल्यावर. नंतर दोघांची कार्डं काढली, तुम्हीही काढा, उत्पन्नाची अट नाही, फक्त आधारला जोडलेला मोबाईल कुणाकडे आहे ते आधी शोधा कारण आमच्याकडे तो दादाचा २०१२ चा बंद पडलेला नंबर निघाला आणि त्यातच दोन चकरा गेल्या. पण एक लक्षात घ्या, ते ॲडमिट झाल्यावरचं आहे. पडल्यावर. पडू नये म्हणून जे महिन्या-दोन महिन्यांनी दवाखान्यात जायचं असतं त्याचं तिथे काही नाही.

तर डिस्चार्ज कार्ड. शेवटची ओळ, फॉलोअप पाच दिवसांनी, तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून ती ओळ वाचली आणि दादाला विचारलं, आपले फॅमिली डॉक्टर कोण? तो म्हणाला ते नाही का, आणि मग गप्प बसला.

ऑफिसात दहा दिवस सुट्टी टाकली आणि कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेवर यादी केली. घरापासून रिक्षाने दहा मिनिटांच्या आत किती दवाखाने, चौदा निघाले. या वेळी डिग्री, नाव, रेटिंग काही बघितलं नाही, आधी फोन केला. पहिला प्रश्न फोन उचलतात का, कारण चौदापैकी पाच जणांनी उचललाच नाही. दुसरा, दवाखाना तळमजल्यावर आहे का. तिसरा, ८२ वर्षांच्या माणसाला गर्दी नसताना यायला वेळ देता का. चौथा, अगदी उतरता आलं नाही तर घरी येता का. चौथ्या प्रश्नावर बरेचजण "नाही हो आता घरी जात नाही" म्हणाले, एकाने मात्र छान सांगितलं, म्हणाले ताई रात्री बारा वाजता अनोळखी घरात जाऊन काही झालं तर अंगावर येतं, ओळखीचा पेशंट असेल तर येईन पण ओळख आधी झाली पाहिजे. पटलं मला ते. आपल्याला डॉक्टर हवा असतो पडल्यावर, आणि त्याला पेशंट माहीत असायला हवा पडायच्या आधी.

मग उरलेल्या सहा ठिकाणी स्वतः जाऊन बसले. वीसवीस मिनिटं, पेशंट असल्यासारखी. लोक बघत होते बाई काय मोजतेय, मी पायऱ्या मोजत होते. बाकड्याला हात आहेत का (हात नसलेल्या बाकड्यावरून बाबांना उठता येत नाही), संडास आहे का आणि त्याची चावी कुणाकडे मागावी लागते, नाव पुकारतात की नंबर दाखवतात. एका ठिकाणी सगळं उत्तम, फक्त दारासमोर उघडं गटार आणि त्यावर हलणारी फरशी. बाहेर आले आणि यादीतून खोडलं.

ज्या मॅडम शेवटी मिळाल्या त्या यादीत दहाव्या. वय असेल पस्तीसेक, एमबीबीएस झाल्यावर फॅमिली मेडिसिनमध्येच डीएनबी, म्हणजे पुढची डिग्री, केलेलं, असं काही वेगळं शिकायला असतं हे मला तेव्हा कळलं. गाळा मागच्या गल्लीत, तळमजल्यावर, दारात एकच पायरी पण उंच. मी बाबांची कथा सांगायला लागले तर त्यांनी मधेच थांबवून विचारलं, "सध्या गोळ्या कुठल्या चालू आहेत?" मी डिस्चार्ज कार्ड पुढे केलं. "हे नको, घरात आहेत त्या सगळ्या पिशवीत घालून आणा. संपलेल्या, अर्ध्या, आईंच्या, शेजाऱ्यांनी दिलेल्या, आयुर्वेदिक, सगळ्या. आणि काकांना आणा, मंगळवारी अडीचला, तेव्हा कुणी नसतं."

आमच्याकडे पिशवी नाही, श्रीखंडाचा एक किलोचा डबा आहे. मंगळवारी तो डबा त्यांनी टेबलावर पालथा केला. अर्ध्या कापलेल्या स्ट्रिप्स, तारखेचा भाग नेमका कापून गेलेला, रबर लावलेले गठ्ठे, एका डबीत सुट्ट्या पांढऱ्या गोळ्या ज्या कसल्या ते आईलाही सांगता येईना. मॅडमनी एकेक उचलून मागचं बारीक अक्षर वाचून पत्ते लावतात तशा रांगा लावायला सुरुवात केली. बाबा आधी तोंड पाडून बसले होते, मग चष्मा लावून पुढे वाकले. दोन स्ट्रिप्स शेजारी शेजारी आल्या, एक निळी एक चंदेरी, नावं एकदम वेगळी, कंपन्या वेगळ्या. मॅडम म्हणाल्या, "काका, या दोन्ही रोज घेता?" "हो, ही सकाळी, ही रात्री. ही जुन्या डॉक्टरांची, ही हार्टवाल्यांची." "दोन्हींत ॲम्लोडिपिनच आहे."

म्हणजे बीपीची एकच गोळी दोन नावांनी दीड वर्ष चालू. त्या गोळीने कुणाकुणाच्या पायाला सूज येते, डोस जास्त असला तर जास्त. सूज आली म्हणून आम्ही गेलो होतो दाखवायला, तिथे सुजेवर लघवीची गोळी सुरू झाली. लघवीच्या गोळीने रात्री चारचारदा उठणं, ते वाटलं प्रोस्टेट, म्हणून प्रोस्टेटची गोळी, आणि त्या गोळीने उठून उभं राहिलं की चक्कर येऊ शकते. वर लघवीच्या गोळीने सोडियम खाली. शिवाय आईची गुडघेदुखीची गोळी बाबाही खांदा दुखला की खायचे, न विचारता, "एकाच घरातली आहे" म्हणून, आणि तीही बीपी वाढवते आणि पाणी धरून ठेवते. मॅडमनी हे सगळं कोऱ्या कागदावर बाण काढून दाखवलं. बाण फिरून फिरून परत पहिल्या गोळीवर आला. बाबा बराच वेळ कागद बघत होते, मग म्हणाले, "आमच्या डॉक्टरांनी पहिल्या आठवड्यात पकडलं असतं." मला वाटलं मॅडमना राग येईल. त्या म्हणाल्या, "असतं. त्यांची कार्डं आहेत का?"

ती पिवळी कार्डं. मी जुन्या डॉक्टरांच्या घरी फोन केला, त्यांच्या मिसेसनी उचलला, म्हणाल्या न्यायला न आलेल्यांची सगळी खोक्यात आहेत, टाकवत नाहीत. बाबा स्वतः गेले आणायला. दीड वर्षाचा रुसवा, तिथे चहा पिऊन दोन तासांनी परत आले. कार्डावर २००९ मध्ये लाल शाईत लिहिलं होतं, ॲम्लो ५ वर पायाला सूज, अर्धी करणे. पंधरा वर्षांपूर्वी उत्तर लिहून ठेवलेलं आणि ते खोक्यात.

गोळ्या एका दिवसात बंद नाही केल्या हे मुद्दाम सांगते, कारण हे वाचून कुणी घरी कात्री घेऊन बसू नका. मॅडमनी हार्टवाल्यांना स्वतः फोन केला, एक कमी करायची मग दहा दिवसांनी सोडियम आणि बीपी बघायचं मग दुसरी, असं करत तीन महिन्यांत अकराच्या सहा गोळ्या झाल्या. सूज गेली. रात्री उठणं एकदा. बाबा म्हणतात भूक लागते आता.

इथपर्यंत आमच्या घरचं झालं. पण मंगळवारी अडीचला कुणी नसतं हे बाबांनी त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघात सांगितलं आणि पुढच्या मंगळवारी अडीचला तिथे नऊ जण. मॅडमनी मला फोन केला, जरा वैतागूनच, की दुपारी माझी मुलगी शाळेतून येते, हा माझा जेवायचा वेळ असतो, मी काकांना अपवाद म्हणून बोलावलं होतं. मला इतकं लाजल्यासारखं झालं. मग संघाचे दोन सेक्रेटरी टाइप काका, मी फोनवर आणि मॅडम अशी बोलणी झाली, आणि ती काही गोडगोड झाली नाहीत. एका काकांचं म्हणणं ज्येष्ठांना फी अर्धी पाहिजे, समाजसेवा म्हणून. मॅडम सरळ म्हणाल्या, गाळ्याचं भाडं ज्येष्ठांसाठी अर्धं होत नाही, आणि तुमच्या एका पेशंटला मला पंधरा मिनिटं लागतात, बाकीच्यांना पाच, म्हणजे मी आधीच तिप्पट वेळ देतेय. मला तेव्हा मनातून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. डॉक्टरने देव असावं ही आपली अपेक्षा आणि मग दवाखाने बंद झाले की आपण हळहळतो.

ठरलं ते असं. मंगळवार आणि शुक्रवार तीन ते साडेचार, फक्त सत्तरीच्या पुढचे, सहा जण, पंधरा मिनिटं एकाला. नाव साध्या फोनवर नोंदवायचं, ॲप नाही, आणि फोन घ्यायला संघातल्याच एक रिटायर्ड बाई ज्यांनी आयुष्यभर टेलिफोन खात्यात काम केलंय, त्यांच्याइतकं सावकाश आणि खणखणीत बोलणारं कुणी नाही. त्या आदल्या संध्याकाळी फोन करून आठवण करतात आणि समोरच्याकडून वेळ परत म्हणून घेतात, "सांगा बरं किती वाजता?" सव्वासहाचं सव्वादहा होत नाही. दारातल्या उंच पायरीवर सिमेंटचा उतार आणि भिंतीला पाइपचा कठडा, गवंडी आणि प्लंबर मिळून ४,२०० रुपये, संघाने दिले. बाकड्याऐवजी हाताच्या चार खुर्च्या, त्या आमच्याच बिल्डिंगमधून, त्यातली एक ती पांढरी प्लास्टिकची. नाव पुकारायच्या ऐवजी मॅडमची मदतनीस मुलगी बाहेर येऊन समोर उभी राहून खांद्याला हात लावते, बस्स एवढंच, याला काही पैसे लागले नाहीत. फी नेहमीचीच. जे उतरूच शकत नाहीत अशांकडे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मॅडम घरी जातात, त्याची फी दुप्पट आणि रिक्षा आपली.

फोनवर सल्ला हाही एक भाग आहे. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा केंद्राने टेलिमेडिसिनचे नियम काढले, त्यात आधी समोर तपासलेल्या पेशंटला त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत फोनवर फॉलोअप देता येतो. मॅडम ते बरोबर धरून चालतात, गुरुवारी दोन ते तीन फोन, पण सहा महिन्यांच्या आत एकदा तरी समोर यायचंच. सरकारची ई-संजीवनी, म्हणजे ऑनलाइन डॉक्टरांचा सल्ला, ती पण आहे, फुकट आहे, अडीअडचणीला मी वापरली आहे आणि काम झालं. पण बाबांना "तेच डॉक्टर" पाहिजेत, आणि श्रीखंडाच्या डब्यानंतर मीही त्यांच्या बाजूची झालेय. चौदा आकडी आभा नंबर, म्हणजे सरकारी हेल्थ आयडी, दोघांचे काढलेत, रिपोर्ट त्यात हळूहळू जमतायत. तरी सगळ्यात जास्त उपयोग झालाय तो एका पानाचा, मोठ्या अक्षरात मराठीत छापलेलं, कुठली गोळी कशासाठी किती वाजता, कशाची ॲलर्जी, ॲम्लोने सूज, डावा कान, कुणाला फोन करायचा. एक दाराच्या मागे, एक फ्रिजवर, एक बाबांच्या शर्टाच्या खिशात, धुण्यात गेलं की परत छापायचं. कुठल्याही नवीन डॉक्टरकडे गेलं की आधी ते पान टेबलावर.

सगळं छान चाललंय असं नाही. संघातले काहीजण पंधरा मिनिटांत आजार पाच मिनिटं आणि सुनेचं दहा मिनिटं सांगतात, सहा जणांचं साडेचारला संपत नाही, पाच वाजतात. मॅडम दमतात. एका काकांनी फीवरून वाद घालून येणं बंद केलं आणि आता परत पहिल्या मजल्यावरच्या त्या अरुंद जिन्याने जातात, बाबा त्यांना गॅलरीतून बघतात आणि बोलत नाहीत. फ्लूची लस मॅडमनी सगळ्यांना सुचवली, निम्म्यांनी घेतली, निम्मे "करोनात दोन घेतल्यात की" म्हणाले. आई अजूनही "तसं काही नाही" म्हणते, पण मॅडमना ते आता कळायला लागलंय, मागच्या महिन्यात त्यांनी तिला तेवढं ऐकून परत खुर्चीत बसवलं आणि साखर तपासली. २१० निघाली. बाबांना मी बीपीचं मशीन घेऊन दिलं ही चूक झाली, दिवसातून सहा वेळा बघून वहीत लिहायचे आणि मला पुण्यात आकडे वाचून दाखवायचे, मॅडमनी मशीन जप्त करून आठवड्यातून दोनदाच असं ठरवून दिलं. मशीन आता टेलिफोनवाल्या बाईंकडे असतं.

आणि ४४ पायऱ्या आहेत तिथेच आहेत. मंगळवारी बाबा पावणेतीनला निघतात, पहिल्या मजल्यावर काकूंच्या दारात स्टूल ठेवलेलं असतं तिथे दोन मिनिटं बसतात, मग खाली. येताना त्याच स्टुलावर पाच मिनिटं. फुटलेली पायरी सोसायटी करत नाही कारण बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय, बिल्डरने यंदाच्या दिवाळीनंतर खाली करा सांगितलंय. तीन वर्षं भाड्याच्या घरात. लिफ्ट येईल, पण तीन वर्षांनी, तेव्हा बाबा ८५. एजंट आम्हाला स्टेशनजवळचे फ्लॅट दाखवतोय, मोठे, हवेशीर, लिफ्टवाले, आणि आम्ही प्रत्येक ठिकाणी विचारतोय की इथून मागच्या गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत रिक्षाला किती मिनिटं, तर तो म्हणतो ताई दवाखाने काय सगळीकडे आहेत, हा खाली बघा, समोरच आहे एक. कालच त्याच्याबरोबर एक बघितला, तळमजला, दवाखाना सहा मिनिटांवर, पण संडास भारतीय. दादा म्हणतोय कमोड बसवून घेऊ, मालक तयार होतोय का बघू.